कमेंट रिझॉल्व्ह झाली, प्रश्न तसाच राहिला

पत्र

ताई,

मी अडीच वर्षांपासून बॅकएंड डेव्हलपर म्हणून काम करतोय. मागच्या आठवड्यात पेमेंट मॉड्यूलमधला एक मोठा बदल कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांनी तपासायला, टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघतो तर ३४ कमेंट. पोटात गोळाच आला. संध्याकाळपर्यंत मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायला हवं होतं, म्हणून सगळ्या कमेंट जशाच्या तशा एआय असिस्टंटला दिल्या आणि सांगितलं, ‘या सगळ्या दुरुस्त कर आणि प्रत्येकीला उत्तर लिही.’ वीस मिनिटांत काम झालं. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या. मी पुश केलं, म्हणजे बदललेला कोड सर्व्हरवर चढवला, उत्तरं चिकटवली, कमेंटचे सगळे थ्रेड रिझॉल्व्ह करून, म्हणजे ‘मिटले’ अशी खूण करून, टाकले.

अर्ध्या तासाने आमच्या टीम लीडचा मेसेज आला: ‘ही उत्तरं तू लिहिली आहेस का? टाइमआउटबद्दल मी विचारलं होतं, त्यावर तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे?’ मला काहीच सांगता येईना. खरं म्हणजे ती कमेंट मी नीट वाचलीही नव्हती. दोन दिवस झाले, ‘बघून सांगतो’ एवढंच कळवलंय. त्या फंक्शनचा आधीचा आणि नंतरचा तुकडा, नावं बदलून, सोबत जोडतोय.

आमच्याकडे असिस्टंट वापरायला परवानगी आहे, सगळेच वापरतात. मग माझं नेमकं कुठे चुकलं? वापरणं बंद करू का? तिला खरं सांगू का? आणि सारखं मनात येतं, की अशाने मला कधी काही येणारच नाही.

— ३४ कमेंटवाला


उत्तर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘ती कमेंट मी नीट वाचलीही नव्हती.’ तुझ्या चारही प्रश्नांची उत्तरं तिथून सुरू होतात. असिस्टंटकडून कोड लिहून घेतलास यात काही वावगं नाही, मीही रोज घेते. पण कमेंट वाचायचं कामसुद्धा तू त्यालाच देऊन टाकलंस.

आधी ती टाइमआउटची कमेंट घेऊ, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच कळेल. तुझं फंक्शन पेमेंट गेटवेला, म्हणजे ग्राहकाचे पैसे कापणाऱ्या बाहेरच्या सेवेला, रक्कम कापायची विनंती पाठवतं आणि उत्तराची वाट बघतं. त्या ओळीवर लीडने लिहिलं होतं, ‘इथे टाइमआउट आला तर काय होईल?’ असिस्टंटने याचा अर्थ ‘टाइमआउट हाताळलेला नाही, तो हाताळ’ असा लावला. त्याने त्या कॉलभोवती ट्राय-कॅच (चूक पकडणारी रचना) घातला, तीनदा प्रयत्न करणारा लूप टाकला, दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडं थांबायची सोय केली. वर एक टेस्टही लिहिली: पहिल्या दोन वेळा टाइमआउट, तिसऱ्या वेळी यश. टेस्ट पास. दिसायला अगदी नेटकं काम.

आता टाइमआउट म्हणजे काय ते बघ. ‘ठरलेल्या वेळात उत्तर माझ्यापर्यंत पोचलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. काम झालं की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. विनंती जातानाच हरवली असेल, किंवा गेटवेने रक्कम कापलीही असेल आणि फक्त ‘कापली’ हा निरोप परत येताना हरवला असेल. आपल्या बाजूने बघितलं तर दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे. दुसरा प्रसंग घडला असेल तर तुझा लूप त्याच ग्राहकाच्या खात्यातून दुसऱ्यांदा पैसे कापतो, आणि पुन्हा निरोप हरवला तर तिसऱ्यांदा. आधीच्या कोडमध्ये फार तर एक ऑर्डर अडकून पडली असती. नव्या कोडमध्ये एकाच ऑर्डरचे पैसे तीनदा जाऊ शकतात. रोगापेक्षा इलाज जालीम झाला.

मग टेस्टने हे का पकडलं नाही? कारण टेस्टमधला खोटा गेटवे टाइमआउट देताना पैसे कापतच नव्हता. कोड ज्याने लिहिला त्यानेच टेस्ट लिहिली, त्यामुळे कोडमागची चुकीची समजूत टेस्टमध्येही जशीच्या तशी उतरली. हिरवा रंग बघून तुला हायसं वाटलं असेल, पण तो रंग इथे तुला काहीच सांगत नव्हता.

लीडला बहुधा हे सगळं आधीच दिसत होतं. तिला तुझ्याकडून निर्णय हवा होता. टाइमआउटनंतर ऑर्डर ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवायची आणि थोड्या वेळाने गेटवेला तिची स्थिती विचारायची, की तीच विनंती पुन्हा पाठवायची? पुन्हा पाठवायची तर ‘ही तीच विनंती आहे, नवी नाही’ हे गेटवेला कसं कळणार? त्यासाठी आयडेम्पोटन्सी की असते. एका खरेदीला एकच की, आणि त्या खरेदीच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तीच पाठवायची. ती आधी येऊन गेली असेल तर गेटवे नव्याने पैसे कापत नाही, पहिल्या वेळचंच उत्तर परत देतो.

गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही, की तुझ्या नव्या तुकड्यात अशी की आहे! असिस्टंटला ही पद्धत माहीत आहे, त्याने ती घातली. पण ती तयार कुठे होते ते बघ. लूपच्या आत. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी की, आणि गेटवेच्या लेखी तीन वेगवेगळ्या खरेद्या. ती ओळ लूपच्या वर असायला हवी होती. खरं तर तेवढ्यानेही भागत नाही. की ऑर्डरसोबत डेटाबेसमध्ये आधी लिहून ठेवायला हवी, नाहीतर मधेच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की नवी की तयार होणार आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. डिफमध्ये, म्हणजे काय काय बदललं ते दाखवणाऱ्या मजकुरात, ती ओळ तुझ्यासमोर होती. वीस मिनिटांत ३४ कमेंट उरकताना ती मलाही दिसली नसती.

इथे असिस्टंट बिनकामाचा ठरला असं मी म्हणत नाही. त्याला ‘दुरुस्त कर’ सांगितलं, त्याने दुरुस्त केलं. कमेंट प्रश्न आहे की सूचना, की रिव्ह्यू करणाऱ्याच्या मनात आलेली नुसती शंका, हे त्याला तू सांगितलं नाहीस, आणि सांगितलं नाही की तो सगळ्यालाच हुकूम समजून कामाला लागतो. शिवाय हो ला हो करायचा त्याचा कल असतो. कमेंट चुकीची असली तरी तो ती बहुधा पाळतोच.

याचा फटका मी रिव्ह्यू करणाऱ्याच्या खुर्चीत बसून खाल्ला आहे. एका कागदपत्राला सगळ्यांची मंजुरी मिळाली का, हे तपासणारं फंक्शन होतं. त्याच्या सुरुवातीला एक अट होती: मंजुरी देणाऱ्यांची यादी रिकामी असेल तर सरळ ‘नाही’ म्हण. खाली ‘यादीतल्या सगळ्यांनी मंजुरी दिली का’ हे ‘ऑल’ वापरून बघितलं होतं. मी घाईत कमेंट टाकली, ‘वरची अट अनावश्यक वाटते, काढता येईल का?’ माझं चुकलं होतं. रिकाम्या यादीवर ‘ऑल’ नेहमी ‘हो’च म्हणतं, कारण मंजुरी न दिलेला माणूस दाखवायला यादीत कोणी नसतंच. ती अट गेली की ज्या कागदपत्राची यादी चुकून रिकामी राहिली, ते कोणीही न बघता मंजूर.

लेखकाने माझी कमेंट असिस्टंटला दिली. त्याने अट काढली. त्याबरोबर एक टेस्ट फुटली, नेमकी याच प्रसंगाची. ‘आता लागू नाही’ असं म्हणून त्याने ती टेस्टही काढून टाकली. मला उत्तर आलं, ‘अगदी योग्य निरीक्षण! अनावश्यक तपासणी काढली आहे.’ मी ते वाचलं, सुखावले आणि मंजुरी दिली. कळलं ते बदल प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, गेल्यावर. ती टेस्ट त्या लेखकानेच महिनाभरापूर्वी विचार करून लिहिली होती. ‘ताई, ही अट अमुक कारणासाठी आहे’ असं एक वाक्य त्याने लिहिलं असतं तर मी माझी कमेंट मागे घेतली असती. मला त्याच्याकडून तेच हवं होतं. रिव्ह्यू करणारा तुझ्या कोडपाशी दहा-वीस मिनिटं असतो, तू त्यात दिवस-दिवस घालवलेले असतात. कमेंट पटत नसेल तर कारणासकट तसं लिहायला कचरू नकोस.

१९७६ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या मायकल फॅगन यांनी कोड तपासण्याची एक शिस्तशीर पद्धत मांडली. तिच्या बैठकीत फक्त दोष शोधायचे. ते कसे दुरुस्त करायचे याची चर्चा तिथे करायची नाही. दुरुस्ती ही नंतरची वेगळी पायरी, ती लेखकाची, आणि ती नीट झाली का हे बघणं ही त्यापुढची पायरी. आज कोणी छापील कोड घेऊन बैठकीला बसत नाही. पण दोष समजणं आणि दोष काढणं यांच्यामध्ये त्यांनी जी फट ठेवली होती, ती तू त्या दिवशी बुजवून टाकलीस. असिस्टंट हाताशी असला की ती आपोआपच बुजते, म्हणून आता आपल्याला ती मुद्दाम राखावी लागते.

ती राखायची कशी, तर कमेंट आल्या की आधी असिस्टंट बंद ठेवून सगळ्या एकदा वाचून काढ. ३४ असल्या तरी पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. व्हेरिएबलचं नाव, लॉगमधला मजकूर, न वापरलेला इम्पोर्ट अशा ‘निट’ छापाच्या कमेंट एका बाजूला काढ आणि खुशाल एकगठ्ठा असिस्टंटला दे. तिथे तो वेळ वाचवतो आणि चूक झालीच तर डिफवर नजर टाकताच कळते. तुझ्या ३४ मध्ये अशा बऱ्याच असतील.

उरलेल्या प्रत्येक कमेंटपुढे स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिही: हिला कशाची काळजी वाटतेय? टाइमआउटसाठी ती ओळ अशी झाली असती: ‘पैसे कापले गेले की नाही हे आपल्याला कळणार नाही, आणि आपण पुन्हा कापू.’ ही ओळ लिहिता येत नसेल तर कमेंट कळलेली नाही असं समज. मग असिस्टंटला विचार, पण फाईलला हात लावू देऊ नकोस. ‘कोड बदलू नकोस. या ओळीवर रिव्ह्यू करणाऱ्याने हा प्रश्न का विचारला असेल? इथे काय काय बिघडू शकतं? कमेंटच चुकीची असण्याची शक्यता आहे का?’ बऱ्याच असिस्टंटमध्ये आधी नुसता आराखडा दाखवण्याची सोय असते, ती याच कामासाठी वापर. अशा वेळी तो फार चांगला सोबती ठरतो. रात्री अकरा वाजताही न कंटाळता समजावून सांगतो, आणि ‘एवढंही येत नाही का’ असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. इतकं करूनही शंका उरली तर सरळ लीडला विचार. ‘तुला दुहेरी कपातीची काळजी आहे का?’ एवढा प्रश्न दोन दिवसांच्या ‘बघून सांगतो’पेक्षा तिला नक्की आवडेल.

ओळ लिहून झाली की काम सांगणं सोपं होतं, कारण आता सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीतरी असतं. मी असं सांगितलं असतं: ‘टाइमआउटनंतरही रक्कम कापली गेली असू शकते असं धर. एका ऑर्डरला एकच आयडेम्पोटन्सी की, ती ऑर्डर नोंदवतानाच साठव. आधी अशी टेस्ट लिही जिच्यात खोटा गेटवे पैसे कापतो आणि मग टाइमआउट देतो, आणि एकूण कपात एकदाच झाली हे तपास. ती टेस्ट आताच्या कोडवर फुटलेली मला दाखव. त्यानंतर कोड बदल. आधीच्या कुठल्याही टेस्टला हात लावू नकोस.’ खोटा गेटवेही कीची नोंद ठेवणारा हवा, हे तेवढं विसरू नकोस, नाहीतर कोड बरोबर होऊनही टेस्ट लालच राहील. आणि टेस्ट लाल झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आधी फुटलीच नाही, तर ती कशाची राखण करते आहे हे तुला कधी कळणार नाही.

मग डिफ. पुश करण्याआधी तो ओळ न ओळ वाच, जणू दुसऱ्या कोणाचा कोड तुझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. काही गोष्टींकडे मी मुद्दाम बघते: कमेंटशी संबंध नसलेल्या फाईल बदलल्या आहेत का, कुठली टेस्ट गेली किंवा सैल झाली का, एखादी चूक पकडून गुपचूप गिळून टाकली आहे का, आणि नवी लायब्ररी आली असेल तर ती खरोखर अस्तित्वात आहे का. शेवटचं वाचून नवल वाटेल, पण ही मॉडेलं कधी कधी नसलेल्या पॅकेजची नावं देतात, आणि अशी नावं ओळखून त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवता येतं.

कोडमध्ये ‘रिव्ह्यूनुसार बदललं’ किंवा ‘आता टाइमआउट नीट हाताळतो’ अशा टिपाही असिस्टंट घालून ठेवतो. त्या काढून टाक. सहा महिन्यांनी ती फाईल उघडणाऱ्याला कुठला रिव्ह्यू आणि ‘आता’ म्हणजे केव्हा, हे कसं कळणार? गूगलने आपल्या रिव्ह्यूच्या पद्धतीबद्दल जी मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली केली आहे तिच्यात एक मुद्दा मला फार पटतो. रिव्ह्यू करणाऱ्याला कोड कळला नाही तर लेखकाने आधी कोडच अधिक स्पष्ट करावा. थ्रेडमध्ये दिलेलं स्पष्टीकरण पुढे कोणी शोधून वाचत नाही.

कमिटबद्दल, म्हणजे बदलाच्या एकेका नोंदीबद्दल, थोडक्यात. महत्त्वाच्या प्रत्येक कमेंटला वेगळं कमिट कर, निटचं सगळं मिळून एक. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) फिक्सअप कमिटची, म्हणजे आधीच्या कमिटला जोडायच्या दुरुस्तीची, सोय आहे, रिव्ह्यू संपला की ऑटोस्क्वॅशने ती मूळ कमिटमध्ये मिसळून टाकता येतात. रिव्ह्यू चालू असताना इतिहास बदलून फोर्स पुश करू नकोस, कारण मग आधी काय होतं आणि आता काय बदललं हे शोधायला रिव्ह्यू करणाऱ्याला सगळं पुन्हा वाचावं लागतं. नाइलाजाने करावाच लागला तर २०१८ पासून गिटमध्ये रेंज-डिफ हा कमांड आहे, त्याने दोन आवृत्त्यांमधला फरक काढून उत्तरात चिकटव.

आता उत्तरांकडे येते, कारण तुझ्या लीडला तीच खुपली, आणि मला वाटतं तिचं दुखणं तू पूर्ण ओळखलेलं नाहीस. तिने ३४ कमेंट लिहिल्या. एवढ्या कमेंट लिहायला माणसाचे दोन-तीन तास सहज जातात. तुझा कोड तिने डोक्यात चालवून बघितला असेल, गेटवे कुठे कुठे दगा देऊ शकतो याचा विचार केला असेल. त्यावर तिला ‘उत्तम मुद्दा! मजबूत रिट्राय यंत्रणा जोडून हे सोडवलं आहे’ असलं काहीतरी आलं असेल. असं उत्तर वाचलं की पलीकडे कोणी आहे की नाही, असं वाटायला लागतं. मला वाटलं आहे. आणि पुढच्या वेळी त्या माणसाच्या कोडला आपण तेवढा वेळ देत नाही. हे मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं.

म्हणून उत्तरं स्वतः लिही. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल. निटला ‘झालं’ एवढं पुरतं. बाकीच्यांना काय ठरवलं आणि का, हे दोन वाक्यांत सांग, आणि कमिट दाखव. थ्रेड रिझॉल्व्ह करायचा हक्क शक्यतो ज्याने प्रश्न विचारला त्यालाच राहू दे. टीमचा नियम वेगळा असेल तर तसं कर, पण प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थ्रेड मिटवणं कुठल्याच टीमच्या नियमात बसणार नाही.

लीडला खरं सांगायचं का? हो, आजच सांग. दोन दिवस आधीच गेले आहेत, आणि तिला बहुतेक कळलेलंच आहे. लांबण लावू नकोस. ‘सगळ्या कमेंट मी असिस्टंटला दिल्या आणि न वाचता पुश केलं. उत्तरंही त्याचीच होती. टाइमआउटचा प्रश्न आता मी नीट बघितला आहे, माझं म्हणणं थ्रेडमध्ये लिहितोय. बाकीच्या कमेंटही पुन्हा बघून उद्यापर्यंत कळवतो.’ एवढं पुरे. माफीनामा लिहित बसू नकोस, आणि ‘सगळेच वापरतात’ हेही लिहू नकोस. तिची तक्रार वापरण्याबद्दल नाहीच आहे.

परवानगी आहे असं तू म्हणतोस ते बरंच झालं, पण तिची हद्द एकदा विचारून घे: कुठलं साधन चालतं, कुठला कोड त्याला दाखवायचा नाही, वापर केला तर पीआरच्या (पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे रिव्ह्यूला टाकलेल्या बदलाच्या) वर्णनात तसं लिहायचं का. जागोजागी नियम वेगळे आहेत. जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ साली एआयने तयार केलेला मजकूर आणि कोड स्वीकारायचा नाही असं ठरवलं. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सचा गाभा बनवणाऱ्या प्रकल्पाने, दार बंद केलेलं नाही. तिथे असिस्टंटची मदत घेतली तर ‘असिस्टेड-बाय’ असा उल्लेख करायला सांगतात, पण ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असिस्टंटने टाकायची नाही, ती माणसाचीच. ही ओळ तिथे २००४ पासून आहे, आणि ती लिहिणारा माणूस त्या कोडची जबाबदारी घेतो. कर्नलएवढा जुना आणि कडक रिव्ह्यूचा प्रकल्प असिस्टंट चालवून घेतो आणि सही मात्र माणसाची मागतो, हे मला मनापासून पटतं. तुझ्या पीआरवरही नाव तुझंच आहे.

आणि ती भीती, की तुला काही येणारच नाही. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खरी आहे. अल्बर्टो बाकेल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास २०१३ साली मांडला. रिव्ह्यू कशासाठी करता, असं विचारल्यावर लोकांचं मुख्य उत्तर होतं, दोष शोधायला. प्रत्यक्षात दोष त्यांना वाटत होतं त्यापेक्षा कमी सापडत होते. एकमेकांचं ज्ञान पोचणं, टीममध्ये कोण काय करतंय याची जाण राहणं, वेगळे उपाय सुचणं हे फायदे मात्र होत होते. मला जे काही येतं त्यातलं निम्मं तरी माझ्या कोडवर कोणीतरी लिहिलेल्या कमेंटमधून आलेलं आहे. ‘टाइमआउट म्हणजे अपयश नव्हे’ हे मलाही अशाच एका कमेंटने शिकवलं, आणि तेव्हा मी अख्खी दुपार त्या एका ओळीवर घालवली होती. तुझ्याकडे तशा ३४ कमेंट आल्या होत्या.

त्यामुळे वापरणं बंद करू नकोस, क्रम बदल. स्वतःला एक साधी परीक्षा लाव: पुश करण्याआधी असिस्टंटची खिडकी बंद कर आणि केलेला बदल कोणाला तरी दोन मिनिटांत तोंडी समजावता येतो का ते बघ. समोर कोणी नसेल तर भिंतीला सांग. अडखळलास की तिथेच थांब आणि ती ओळ पुन्हा वाच.

आणखी एक. असिस्टंटचा सगळ्यात चांगला उपयोग मला रिव्ह्यूच्या नंतर नव्हे, आधी होतो. पीआर टाकण्याआधी त्याला सांग, ‘हा डिफ अनोळखी माणसाचा आहे असं समज आणि फक्त दोष शोध, दुरुस्ती करू नकोस.’ दहापैकी चार मुद्दे फालतू निघतील, पण दोन-तीन असे निघतील जे लीडने लिहायच्या आत तुला कळलेले बरे. तिच्या ज्या कमेंट तुझ्या कोडवर पुन्हा पुन्हा येतात त्या प्रकल्पातल्या असिस्टंटच्या सूचनांच्या फाईलमध्ये लिहून ठेव: ‘बाहेरच्या सेवेला पुन्हा विनंती पाठवण्याआधी ती दोनदा पोचली तर काय होईल ते सांग.’ ती ओळ तू लिहिशील तेव्हा ती तुझ्याही लक्षात राहील. आणि एका पीआरवर ३४ कमेंट येतात तेव्हा तो पीआर बहुधा फार मोठा असतो. पुढच्या वेळी त्याचे तीन कर.

पण ते पुढच्या वेळचं. आज तो टाइमआउटचा थ्रेड पुन्हा उघड आणि तुझं उत्तर लिही: ‘टाइमआउट आला तर पैसे कापले गेले की नाही हे आपल्याला कळत नाही. मी टाकलेला रिट्राय चुकीचा होता, प्रत्येक प्रयत्नाला नवी की जात होती. आता की ऑर्डरसोबत साठवतो आणि तीच पाठवतो. तीनही प्रयत्न फसले तर ऑर्डर अनिश्चित ठेवून गेटवेला स्थिती विचारावी असं मला वाटतं. ते याच पीआरमध्ये करू की वेगळ्या?’ शेवटचा प्रश्न ठेवच, कारण त्याचं उत्तर मलाही माहीत नाही आणि असिस्टंटलाही. ते तिला माहीत असेल.

तुझी,
ताई